पोटरीला लावलेला हात

आधी माफी मागतो. तुमच्यासारख्या जाणत्या वाचकांपुढे लिहायची माझी लायकी नाही, घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही, असं म्हणतो.

मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज लांबच्या शहरात, घर मोताळ्याला. मार्चमध्ये मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ती आमच्याकडेच पडून होती. तिच्या मालिशला एक माणूस यायचा. आधी तो एका दवाखान्यात नंबरच्या चिठ्ठ्या फाडायचा. मग आठ दिवसांचा कोर्स, आणि दारावर पाटी – 'फिजिओथेरपिस्ट'. मी चिडलो, तर बाबा म्हणाले, "तूही तीन वर्षांपासून मालिशच शिकून राह्यला ना बे? मंग त्याले काऊन नावं ठेवतं?"

एका बुधवारी दुपारी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. पडून असलेल्या पेशंटला तेल लावण्याआधी हाताची पाठ दोन्ही पोटऱ्यांना लावून बघायची. एकच गरम, सुजलेली असेल तर हात काढायचा आणि डॉक्टरकडे पाठवायचं. आत रक्ताची गाठ असू शकते; चोळली तर फुप्फुसात जाते. मी मित्राच्या पायांना हात लावला. डावी पोटरी चटका बसावा इतकी गरम – टणक. मॅडमनी टेपने मोजलं, हात लावून पाहिलं. दोन्ही सारख्या, थंड. पोरं हसली. माझा हात मात्र भाजतच होता... मी बाहेर येऊन घरी फोन लावला.

"माय, मावशीची डावी पोटरी पाह्य बरं."

"सकाळपासून फुगली रे. मालिशवाले भाऊ आलेच हायत, तेल कोमट करून राह्यले. चोळलं की उतरते म्हणे."

"त्याईले हात लावू देऊ नको. तुले माही शपथ हाय."

मायनं तेलाची वाटीच उचलून नेली. बुलढाण्याच्या डॉक्टरांना सोनोग्राफीत गाठ दिसली. मावशी वाचली.

बाबा सगळ्यांना सांगतात, पोराले देवीनं सांगितलं. मला संताप येतो. मला कसं कळलं, ते मला अजूनही सांगता येत नाही. पण एवढ्या लांबून मला कळलं ते, पाय हातात असलेल्या माणसाला कळू नये? त्यासाठी देवी लागत नाही, शिक्षण लागतं. पाटी काढायला लावा म्हटलं, तर बाबा म्हणाले, "मावशीले काही झालं का? मंग?"

काल मायचा फोन आला. मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या काकू होत्या. पायाचं प्लास्टर काढलं तर पोटरी सुजलेली. त्याच माणसानं दोन दिवस चोळली. मंगळवारी दुपारी गेल्या.

मंगळवारी दुपारी मी प्रॅक्टिकललाच होतो. माझे हात थंड होते.