बारदान्यावरचा घ

"डोयाच्या धाकात हाये ना? मंग आपलं हाये."

ड्रोन उडवायच्या आधी आमचे फोटोवाले भाऊ एवढंच म्हणत आणि चिमूटभर माती उचलून खांद्याच्या उंचीवरून सोडत. माती कुठे जाते ते बघत. वाऱ्याचा इशारा मोबाइलच्या पडद्यावर लिहून येतो, हे त्यांना माहीत होतं. तरी ते मातीलाच विचारत.

कामरगावात ज्याने कधी अर्जासाठी फोटो काढलाय, त्याने हा माणूस पाहिलेला आहे. उंच, किडकिडीत, मान जरा डावीकडे कललेली. तीसेक वर्षं लोकांना "हनवटी खाली घ्या" असं सांगता सांगता त्यांची स्वतःची हनुवटी कायमची वर राहिली होती. पुढे लग्नाच्या शूटिंगसाठी त्यांनी ड्रोन घेतला, आणि ती वर असण्याला निदान कारण तरी मिळालं.

त्यांच्या पिशवीत ड्रोनच्या आधी एक बारदान्याचा, म्हणजे गोणपाटाचा, तुकडा निघे. तो जमिनीवर नीट पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, मग त्यावरून उड्डाण. बारदान्यावर मधोमध चुन्याने एक मोठं अक्षर काढलेलं होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "भाऊ, हा ध कायचा?"

"सर, तुमी शाळेत शिकवता ना?" ते म्हणाले. "घ हाये तो. घराचा."

माझा आणि ड्रोनचा संबंध कसा आला ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या पुण्याच्या मेहुण्याने मला वाढदिवसाला एक छोटा ड्रोन दिला. माझी बायको म्हणाली, याच्याऐवजी मिक्सर चालला असता. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आमच्या हरभऱ्याच्या वावरात जाऊन तो उडवला. बराच दूर गेला. पडद्यावरचं चित्र अडखळायला लागलं तसा मी घाबरलो. रिमोटवर एक बटण होतं, त्यावर घराचं चित्र. मी ते दाबलं, बायकोला फोन करून सांगितलं की गच्चीवरच्या वड्या उचल, ड्रोन घरी येऊन राह्यला, आणि त्याच्या आधी पोचावं म्हणून मोटारसायकल दामटत घर गाठलं.

गच्चीवर बायको घमेलं घेऊन उभी होती. तो पडला तर घमेल्यात झेलायचा तिचा विचार होता. आम्ही दोघं माना वर करून अर्धा तास उभे. समोरच्या गच्चीवरचेही उभे राहिले. कावळे सोडून काही आलं नाही.

मग फोटोवाले भाऊ आले, काखेत माझा ड्रोन. शेजारच्या वावरात ते कुणाच्या तरी पिकाचं शूटिंग करत होते. म्हणाले, "सर, ते बराबर घरी आलं होतं. तुमीच घर सोडून पयाले."

ड्रोनचं घर म्हणजे तो जिथून उडाला ती जागा, हे मला त्या दिवशी कळलं. बायकोने वड्या पुन्हा पसरल्या. त्यानंतर वर्षभर तिने मला त्यावरून ऐकवलं नाही असा सण गेला नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. ते फार शिकवत नसत. बॅटरी अर्धी झाली की परत, कारण उरलेली अर्धी आपली नाही, वाटेची आहे. तार पडद्यावर दिसत नाही, म्हणून आधी खांब शोधायचे. परतीची उंची गावातल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा जास्त ठेवायची. आणि ठिपका डोळ्यांना दिसेनासा झाला की कितीही मोह झाला तरी पुढे जायचं नाही. हे सगळं ऐकून मी मान डोलवी आणि पुढच्या रविवारी एखाद्या बाभळीत ड्रोन अडकवून येई. ते रागावत नसत. माझ्याकडे बघून फक्त म्हणत, "बाभूय बी दिसली नाई काय?"

माझे वडील तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. आठवण विरत चालली होती. मला कधी नावाने हाक मारत, कधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसत. कुठे जात नसत, म्हणून आम्हीही निर्धास्त होतो.

एका दिवशी चारच्या सुमाराला शाळेत बायकोचा फोन आला. बाबा ओट्यावर नव्हते. शेजारीपाजारी, बस थांबा, देऊळ, सगळीकडे बघून झालं होतं. कापूस वेचणाऱ्या एका बाईने त्यांना काठी टेकत शिवाराकडे जाताना पाहिलं होतं, तेही दोन तासांपूर्वी.

तूर डोक्याच्या वर गेलेली होती. तिच्यात कुणी बसलं तर दहा पावलांवरूनही दिसत नाही. शिवारात बिनकठड्याच्या दोन विहिरी. अंगात नुसती बंडी, खांद्यावर एक शेला, आणि ते थंडीचे दिवस. सूर्य मावळायला दीडेक तास होता. मी घरी पोचलो तेव्हा फोटोवाले भाऊ आमच्या गच्चीवर बारदाना पसरत होते. त्यांना बायकोनेच बोलावलं होतं. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

माती सोडली, बघितली, ड्रोन वर गेला. पडद्यावर तूरच तूर. मध्येच एक पांढरा ठिपका दिसला आणि मी ओरडलो. खाली आणून बघितलं तर खताची रिकामी थैली. आणखी पुढे गेल्यावर त्यांनी आकाशाकडे डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आता मले दिसत नाई. परत."

मी म्हणालो, चित्र तर दिसतंय, जाऊ द्या. ते म्हणाले, बॅटरी अर्धी झाली, आणि पुढच्या टेकडीआड चित्र तुटलं तर ड्रोन तुरीत कुठे पडेल सांगता येत नाही. "मंग दोघाईले शोधाचं काय?"

"तुमच्या घरचं मानूस नाई, म्हनून तुमाले बॅटरी दिसते," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. ड्रोन आला, घ वर बरोबर उतरला. त्यांनी बारदाना गुंडाळला, काखेत मारला आणि जिना उतरता उतरता म्हणाले, "गाडी काढा सर. त्याले लांब धाडन्यापरीस आपूनच जवळ जाऊ."

तलावाच्या पाळीवर पुन्हा बारदाना, चार दगड, माती. पुन्हा तूर, पुन्हा काही नाही. बॅटरी बदलताना त्यांनी मला विचारलं, "सर, बाबाचं घर कोनतं?"

मला चीड आली. इतक्या वेळा चहा प्यायला येता, म्हटलं.

"ते तुमचं. बाबा उडाले कोठून?"

तेव्हा मला आठवलं. चिंचेचं वावर. नाल्यापलीकडे माझ्या आजोबांची झोपडी होती. बाबा तिथे जन्मले, लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. पुढे वाटणीत ती जागा चुलत्यांकडे गेली. झोपडी केव्हाच पडली. आता तिथे एक चिंच आणि बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी, एवढंच आहे. बाबांनी कित्येक वर्षांत तिचं नावही काढलं नव्हतं.

आम्ही नाल्यापर्यंत गाडीने गेलो. त्यांनी माती सोडली. ती आमच्याच अंगावर आली. "बेस झालं," ते म्हणाले. "जातानी वारा तोंडावर, येतानी पाठीवर." माझा जीव टांगणीला लागलेला, आणि या माणसाला वाऱ्याचं समाधान.

चिंच पडद्यावर आली. वरून नुसता हिरवा गोळा. खाली काय आहे ते कळेना. शेजारून खांब गेले होते, म्हणून ते झाडाजवळ गेले नाहीत, दुरूनच बाजूबाजूने फिरले. एका झुडपावर लाल काठाचा शेला वाळत घातलेला दिसला. घाम आला की बाबा शेला असाच झुडपावर टाकत. जन्मभर.

मी धावलो. मागून ते म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी याले उतरवतो. बुढ्या मानसाले वरून भेवाडू नाई."

बाबा डोणीच्या काठावर बसले होते. धडधाकट. मला बघून म्हणाले, "उशीर केला. बैलाईले पानी पाजाचं राह्यलं."

"बाबा, घरी चाला."

"घरीच तं हावो मी."

तेवढ्यात फोटोवाले भाऊ धापा टाकत आले. त्यांनी बाबांच्या पुढ्यात बसून पंख मिटलेला ड्रोन त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "बाबाजी, हे पाखरू भेलं हाये. याले घरी न्याचं हाये. धरता काय जरासं?"

बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, शेल्यात गुंडाळलं, काखेत धरलं, स्वतः उठून नाल्यापर्यंत चालत आले आणि गाडीवर बसले. वाटेभर मला सांगत होते, हळू चालव, ते अंग चोरून राह्यलं. घरी आल्यावर सुनेच्या हातात देऊन म्हणाले, "डालग्याखाली झाक. मांजर हाये." आमच्याकडे कोंबड्या नाहीत, डालगंही नाही. बायकोने एक शब्द न बोलता तेच घमेलं आणलं आणि ड्रोनवर पालथं घातलं.

मी ओट्यावर बसून हसायला लागलो. बराच वेळ हसलो, डोळे पुसत. मग फोटोवाल्या भाऊंना म्हटलं, मघाशी मी फार बोललो.

ते चहा फुंकत होते. "बॅटरी दिसत होती म्हनून तं बाबा दिसले, सर," म्हणाले, आणि हनुवटी वर करून उरलेला चहा पिऊन टाकला.

पुढच्या वर्षी त्यांनी दुकान आवरलं आणि ते शिरपूरला लेकीकडे राहायला गेले. खुशाल आहेत, फोन करतात. त्यांच्या शटरवर आता मोबाइल रिचार्जची पाटी आहे. जायच्या आदल्या दिवशी ते आले आणि बारदाना मला दिला. मी म्हटलं, तुम्हाला लागेल ना, भाऊ. माझा ड्रोन तर बाभळीखेरीज कुठे उतरत नाही.

"तुमाले नाई देत," ते म्हणाले. "बाबाले हाये. रोज एकाच जाग्यावर बसवा. घर हळूहळू नोंदवलं जाते."

बाबा अजूनही कधी कधी उठून निघतात. फाटकापर्यंत जातात, थांबतात, मागे वळून ओट्यावरचा बारदाना बघतात आणि परत येतात. चुना उडत चालला होता म्हणून या दिवाळीत मी अक्षर पुन्हा काढलं. बायको बघून म्हणाली, हा तर ध झालाय. शाळेत शिकवता ना?

बाबांनी वाकून त्यावरून बोट फिरवलं. "घच हाये," म्हणाले, आणि बसले.