झाकलेली भिंत

लॉर्ना हावरकँपबाईंनी नेब्रास्कातल्या एका मांसकारखान्याच्या गावात एकतीस वर्षं तिसरीला शिकवलं, आणि एकतीस वर्षं एकच हट्ट धरला: भिंतीवरचा शब्द जागचा हलवायचा नाही. ज्याचं स्पेलिंग हमखास चुकतं असा शब्द पोरांनी पुठ्ठ्यावर आपल्या हातानं लिहायचा, बाईंनी टाचायचा, की तो कायमचा तिथेच. 'शेजारी' दाराच्या वर, 'आवश्यक' खिडकीशेजारच्या वरच्या कोपऱ्यात. पुठ्ठा विटला की त्या वर्षीचं एखादं पोर तोच शब्द नव्यानं लिही, जागा तीच. छापील तक्ते आणून लावणाऱ्यांना बाई तोंडावर सुनवत, "शोभाच हवी तर पडदे लावा की!"

राज्याच्या परीक्षेत मात्र भिंती झाकायच्या, असा नियम. बाई स्टुलावर चढून तपकिरी कागद चिकटवत. एक अक्षर दिसू देत नसत.

यंदा एकोणीस पोरं होती, निम्म्यांच्या घरी इंग्रजीचा गंध नाही. ग्वाटेमालाहून आलेली इत्सेल तर नाताळापर्यंत तोंडच उघडत नव्हती. परीक्षेत लिहिता लिहिता ती अडली. मान वर केली, दाराच्या वर कोऱ्या कागदाकडे बघितलं, ओठ हलवले आणि पुन्हा लिहू लागली. मग दुसरं पोर. मग चौथं, पाचवं. बाईंचा ऊर भरून आला.

जिल्हा कार्यालयातून देखरेखीला आलेल्या प्रुइटसाहेबांनी मात्र लगेच टिपून घेतलं: मुलं भिंतीवरून उत्तरं घेत आहेत.

"कसली उत्तरं? अहो, कोरा कागद आहे तो!"

"कोरा आहे, तर बघतायत कशाला?"

आता या शहाण्याला काय सांगायचं! पोरांच्या डोक्यात शिरलेला शब्द कुठल्या कागदानं झाकणार होता हा?

जेवणाच्या सुट्टीत मुख्याध्यापिका क्रिस्टी वोंड्रा छापील अर्ज घेऊन वर्गात आली. ती बाईंचीच विद्यार्थिनी, याच खोलीतली. पोरांच्या बुटक्या खुर्चीत अवघडून बसली.

"बाई, माझा इलाज नाही. भिंतीवरचे शब्द उतरवा आणि जूनमध्ये निवृत्ती घ्या, मग प्रकरण इथेच मिटेल. नाहीतर वर्गाचे सगळे पेपर रद्द."

"इत्सेलचासुद्धा?"

"सगळ्यांचे."

या पेपरात पास झाली तर इत्सेल चौथीत सगळ्यांबरोबर बसणार होती. नाहीतर आणखी एक वर्ष कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत, चित्रं रंगवत. बाईंना रडू येत होतं, पण त्याहून जास्त चीड येत होती.

"लिही," त्या म्हणाल्या.

क्रिस्टी लिहू लागली. "भिंतीवरील सर्व शब्द काढणे..." आणि पेन थांबलं. तिनं मान वर केली. डोळे खिडकीशेजारच्या वरच्या कोपऱ्यात गेले, तपकिरी कागदावर थांबले. ओठ किंचित हलले. मग खाली वाकून तिनं पुढचा शब्द न अडखळता लिहिला: आवश्यक.

बाई बघतच होत्या.

"सापडला का गं?" त्यांनी विचारलं.

क्रिस्टी कानापर्यंत लाल झाली. तिनं अर्ज फिरवून बाईंपुढे सरकवला.

"इथे सही करा, बाई."

बाईंनी सही केली.