गोड गळती

जगात कुठेही काहीही गळत असलं, तर तो आपला वैयक्तिक अपमान आहे, अशी आमच्या थोरल्या साडूंची पक्की समजूत आहे. नळ गळो, पत्रा गळो, शेजाऱ्याच्या म्हशीच्या हौदाला चीर पडो, ती बंद झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. सहकारी साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली. माणूस रिटायर झाला तरी त्याचा पाना रिटायर होत नाही, हे त्यांच्याकडे बघून पटतं. उजव्या खिशात पाना आणि डाव्या खिशात सुताची गुंडी, हे लग्नकार्यातही सुटत नाही. माझ्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवामागच्या टाकीची तोटी ठिबकताना त्यांच्या नजरेस पडली. परिणामी आमच्या अल्बममध्ये साडूभाऊ कुठेच नाहीत. एका फोटोत टाकीखालून बाहेर आलेले दोन पाय तेवढे आहेत, आणि बायको आजही पाहुण्यांना "हे आमचे दाजी" म्हणून ते पाय दाखवते. एकदा बीडला एका खाजगी ट्रॅव्हल्सच्या बसखाली डिझेलचे थेंब पाहून ते बससमोर उभेच राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, टाइम झाला, बाजूला व्हा." "टाइम झाला तर झाला. आष्टीपर्यंत अर्धं डिझेल रस्त्याला पाजनार हायस का?" अर्ध्या तासाने बस निघाली ती कोरड्या पोटाने निघाली. साडूभाऊ मात्र स्टँडवरच राहिले, कारण त्यांना त्या बसने जायचंच नव्हतं.

गळती ओळखायची त्यांची रीत अस्सल कारखान्यातली. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात साखर उतरली तर बॉयलरचं वाटोळं होतं, म्हणून तिथला जुना माणूस पाइपाखाली थेंब दिसला की आधी बोट लावतो आणि मग ते बोट जिभेला. अळणी लागलं तर पाणी, गोड लागलं तर रस, म्हणजे आत कुठेतरी नळी फुटली. लॅबचा कागद येण्याआधी साडूभाऊंच्या जिभेचा रिपोर्ट आलेला असायचा. लॅबमधले केमिस्ट तर सांगायचे की दोन्ही रिपोर्टांत कधी फरक निघाला नाही. हे केमिस्ट साडूभाऊंचे जिवलग. एकाच गल्लीत घर, एकाच पाळीत काम, जाता-येताना एकच सायकल. सकाळी केमिस्टांच्या ओट्यावरून "जय भीम, मिस्त्री" अशी हाक आली की साडूभाऊंचा दिवस उजाडायचा.

मग दुष्काळाची सालं आली. शिवारात ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं थंड पडलं, विहिरींनी तळ दाखवला आणि साडूभाऊंच्या दिंद्रुडकडच्या गावात पाणी टँकरने येऊ लागलं. अशा सालात साडूभाऊंनी स्पोर्ट्स कार घेतली.

झालं असं की पुण्याचा कुणी हौशी माणूस ती गाडी घेऊन परळीकडे निघाला होता. दोन दारं, दोनच सीट, कापडी छत, रंग लालभडक, आणि उंची इतकी कमी की दिंद्रुडच्या गतिरोधकावर पोट टेकून बसली ती बसलीच. साडूभाऊंनी चार माणसं आणि दोन बांबू लावून ती उतरवली. परतीच्या वाटेवर ती त्याच गतिरोधकावर पुन्हा बसली, तेव्हा मालक घाम पुसत म्हणाला, "काका, आता तुम्हीच ठेवून घ्या." साडूभाऊंनी फंडाच्या पैशातून ती खरोखरच ठेवून घेतली. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घरात मानसं आठ, आन् गाडी दोघांची?" "म्हनून तर घेतली. कुनाला नेऊ आन् कुनाला नको, ही कटकटच न्हाई." टँकरच्या रांगेतल्या बायका ऐकू जाईल अशा बेताने बोलत, की माणसाला प्यायला पाणी नाही आणि म्हाताऱ्याला गाडीला पाजायला आहे. साडूभाऊ त्यांच्यासमोरूनच तांब्या घेऊन गाडीकडे जात. "माझ्या आंगोळीचं हाय त्ये. तीन दिस बिनआंगोळीचा हाय, वास घेऊन बघा." मी एकदा भीतभीत म्हणालो, की साडूभाऊ, साल वाईट आहे, लोकांना खुपतं. ते ताडकन म्हणाले, "कावून? पाऊस पडला न्हाई म्हनून मानसानं हौस बी वाळवायची का? आभाळाला दिसंल आसं तोंड मी पाडनार न्हाई, गुरुजी." आणि बीडच्या शाळेत तीस पोरांना गप्प बसवणाऱ्या माझ्या हातात त्यांनी तांब्या दिला.

गाडी येऊन दोन-तीन महिने झाले असतील, आणि तिच्याखाली एक ओला ठिपका दिसला. पावसाळा असता तर कुणाला कळलंही नसतं, पण अंगणाची माती पिठासारखी कोरडी, त्यात रुपयाएवढा ओला डाग लपतो कुठे. साडूभाऊंची झोप उडाली. गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून, सकाळी डागाभोवती पेन्सिलीने गोल काढून, ते तासन्‌तास ती पानं वाचत बसू लागले. एरवी त्यांनी वर्तमानपत्र कधी इतकं मन लावून वाचलं नव्हतं. डागही वस्ताद. आज इंजिनाखाली, उद्या डाव्या सीटखाली, परवा कुठेच नाही. माजलगावहून एक मेकॅनिक आला, त्याने रेडिएटर बदलायला सांगितला. दुसऱ्याने पंप बदलायला सांगितला. तिसऱ्याने खाली वाकायचे कष्ट न घेता सांगितलं, "काका, हे गाडीचं न्हाई, कुत्र्याचं आसंल." यानंतर साडूभाऊ अख्खा दिवस काठी घेऊन गाडीशेजारी बसले. एकही कुत्रं फिरकलं नाही आणि संध्याकाळी डाग मात्र हजर. बाहेरून रेडिएटर कोरडा, पंप कोरडा, टाकी कोरडी. शेवटी त्यांनी तेच केलं जे तीस वर्षं केलं होतं. बोट लावलं, जिभेला नेलं, आणि जागच्या जागी थिजले. थेंब गोड होता.

त्या रविवारी मला फोन आला, "गुरुजी, निघा. चोर घावला." मी पोचलो तर ते मला हाताला धरून न्हाणीमागे घेऊन गेले आणि कुजबुजले, "गाडीत साखर घातलीया." मी विचारलं, कुणी घातली असेल. त्यांनी केमिस्टांच्या घराकडे नुसती हनुवटी उडवली.

इथे सांगायला हवं की या दोघांचं दोन महिन्यांपासून बोलणं बंद होतं. रिटायर झाल्यावर केमिस्ट गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासायला बसत. एके सकाळी त्यांनी साडूभाऊंच्या गाईचं दूध मोजलं, दाटपणाची डिग्री लागली नाही, आणि नियमाप्रमाणे पंचवीस माणसांच्या रांगेसमोर कॅन परत केला. दुधात पाणी आहे असं ते तोंडाने म्हणाले नाहीत, पण परत आलेल्या कॅनचा अर्थ गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतो. साडूभाऊ तिथेच गरजले होते, "टँकरचं पानी मापून मिळतंय. त्ये मी दुधात घालू का गाडीत?" त्या दिवसापासून ओट्यावरची हाक थांबली. हाक थांबल्याचं साडूभाऊंना किती लागलं होतं हे आक्कांनीच मला सांगितलं. सकाळी दाढी करताना ते खिडकी उघडी ठेवत आणि दाढी संपली की ती धाडकन लावत.

"माझ्या दुधात पानी काढलं, आन् आता माझ्या पान्यात साखर घातली," साडूभाऊ म्हणाले. "उद्या सकाळी रांगेत समद्यांम्होरं इचारनार हाय." मला खरंच राग आला. मी म्हणालो, तीस वर्षांचा मित्र आहे, एकदा चारचौघांत आळ घेतलात तर परत ते दार उघडायचं नाही. "नसंल उघडायचं तर नसू दे," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी शाळेला रजा टाकून राहिलो. सकाळी संस्थेत रांग लागलेली, केमिस्ट टेबलामागे काचेची नळी उजेडात धरून बसलेले. साडूभाऊ हातात कॅनही न घेता थेट टेबलासमोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केमिस्टसाहेब, माझ्या गाडीत साखर कुनी घातली?"

केमिस्टांनी चष्मा वर सरकवला. "साखर हाय कशावरून?"

"चाखून बघितलं. एकदा न्हाई, आठ दिस सकाळ-संध्याकाळ चाखतोय."

आता जुंपणार म्हणून मागची माणसं पुढे सरकली. केमिस्ट मात्र भलत्याच आवाजात म्हणाले, "रंग कसलाय?"

"हिरवट."

केमिस्टांनी नळी ठेवली, टेबल ढकललं आणि बाहेर येऊन साडूभाऊंचं मनगट पकडलं. "किती चाटलं बे? खरं सांग. किती?" मग ते मला म्हणाले, "गुरुजी, त्ये इंजिन थंड ठिवायचं औषध हाय. गोडच आसतं. आन् इख आसतं." बाहेर टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतून माजलगावकडे परत निघाला होता. केमिस्टांनी तो आडवा हात करून थांबवला, साडूभाऊंना केबिनमध्ये ढकललं आणि स्वतः त्यांच्या अंगावर बसल्यासारखे बसले. मी दाराला लोंबकळलो. "मला कायबी झालेलं न्हाई," साडूभाऊ ओरडत होते. "जीभ हाय माझी, बघून घेईन मी." "गप बस. एक शबूद बोललास तर हितंच हानीन," केमिस्ट म्हणाले. पूर्ण वाटेत त्यांनी ते मनगट सोडलं नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि सांगितलं की बोटाबोटाने गेलंय, त्यातही रेडिएटरात ओतलेलं तांब्याचं पाणी मिसळून पातळ झालेलं, म्हणून निभावलं. तरी संध्याकाळपर्यंत सलाइन लावून ठेवलं. त्यांनी साडूभाऊंना विचारलं, "काका, चाखलंत कशाला?" "मंग काय वास घेऊन गळती कळती व्हय?" थोड्या वेळाने सिस्टर धावत आली, कारण पेशंट उठून सलाइनची नळी आवळत होता. थेंब थेंब पडू देणं ही कुठली रीत, असं त्याचं म्हणणं होतं. केमिस्ट शेजारच्या स्टुलावर बसून दिवसभर हसले नाहीत. तेव्हा फक्त हसले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः गाडीजवळ आले. खाली वाकून म्हणाले, "मिस्त्री, मुंगळे कुठं हायत?" साडूभाऊ गोरेमोरे झाले. रस सांडला आणि घटकाभरात मुंगळ्यांची रांग लागली नाही, असं कारखान्यात एकदाही घडलं नव्हतं. ती साखर असती तर अंगण काळं झालं असतं, आणि आठ दिवसांत रागाच्या भरात ही साधी गोष्ट साडूभाऊंच्या ध्यानात आली नव्हती. मग केमिस्टांनी डाव्या सीटसमोरचं पायपुसणं उचललं. खाली चिंब ओलं. इंजिनातून दोन नळ्या गाडीच्या आत गेल्या होत्या आणि त्यातली एक सांध्यावर फाटली होती. साडूभाऊंनी विचारलं, "आत गरम पानी कशाला नेत्यात?" "हीटर हाय त्यो. थंडीत ऊब याय." दोघांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. बेचाळीस डिग्रीचं ऊन रटरटत होतं. बीड जिल्ह्यात गाडीला हीटर असेल हे तिन्ही मेकॅनिकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, त्यात त्यांची काय चूक. साडूभाऊंनी दोन्ही नळ्या कापून एकमेकींना जोडून टाकल्या आणि गळती कायमची थांबली. जाता जाता केमिस्ट म्हणाले, "चारा नसला की दुधाची डिगरी उतरती. तुझं दूध चोख व्हतं, मला ठाव हाय. पर नियमाला म्या काय करू?" साडूभाऊंनी पाना पुसून खिशात टाकला.

आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही. मात्र त्यानंतर ती दुसरी सीट केमिस्टांची झाली. आक्का कधीच गाडीत बसल्या नव्हत्या, त्यामुळे तक्रार नव्हती. एक दिवस साडूभाऊ मला अचानक म्हणाले, "म्या त्याला म्हनलो." काय म्हणालात, मी विचारलं. "म्हनलो, तुझ्यावर आळ घेतला त्ये चुकलं माझं. पर छत उघडं व्हतं, वारं लई. त्याला ऐकूच गेलं न्हाई. 'काय?' म्हनला." मग परत सांगायचं ना, मी म्हणालो. "एकदा म्हनलो की. घडीघडी म्हनायला मी काय पोपट हाय?"

पुढच्याच उन्हाळ्यात केमिस्ट मुलाकडे लातूरला राहायला गेले. गुडघे गेले होते, आणि टँकरच्या रांगेत उभं राहणं त्यांना झेपेना. एका लग्नात ते मला भेटले, तेव्हा मी गाडीतल्या त्या माफीचा विषय काढला. ते कितीतरी वेळ पानाला चुना लावत राहिले. मग म्हणाले, "ऐकलं व्हतं की गुरुजी. समदं ऐकलं व्हतं. 'काय?' म्हनलो, त्ये आजून एकदा ऐकावं वाटलं म्हनून."

हे साडूभाऊंना सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ते गाडीखाली उताणे पडून काहीतरी ठोकत होते. मी त्यांच्या पायांशी उभा राहून सांगून टाकलं. ठोकणं थांबलं. खालून आवाज आला, "लबाड हाय लेकाचा." त्यानंतर पाना हलला नाही आणि ते बाहेरही आले नाहीत. आक्का चहा घेऊन आल्या, कप निवाला, तरी मी त्यांना हाक मारली नाही.