बहीण चेन्नईला असते

भाचीला बघायला पाहुणे यायचे होते, त्या दिवशी वहिनी सकाळीच माझ्या खोलीत आली.

"तू आज तिरुवैयारूला मैत्रिणीकडे जाऊन ये ना. घरात गर्दी होईल, तुला त्रास."

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या घरात पाच-सहा पाहुणे म्हणजे गर्दी नव्हे, हे तिलाही कळत होतं. कॉलेजात असल्यापासून माझी नजर कडांकडून मिटत आली आहे. आता समोरचं तेवढं, बटणाच्या भोकातून दिसावं तसं दिसतं; संध्याकाळनंतर तेही नाही. असा आजार घराण्यात असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून दादाने मुलीचे डोळे लहानपणापासून तपासून घेतले. ते निर्दोष आहेत. तरीही मी काठी उचलली आणि तिरुवैयारूला गेले. मैत्रीण गाणं शिकवते. दिवसभर तिच्या ओसरीवर बसून शिकाऊ मुलींचे चुकलेले सूर ऐकत राहिले.

लग्न जमलं. साखरपुडा मुलाच्या गावी, पापनाशमला ठरला. आदल्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "गाडीत जागा नाही गं. शिवाय तिथं पायऱ्या फार आहेत."

मी शाळेत इतिहास शिकवते. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. भाचीही तिथेच जेवत होती. तिने आणखी भात वाढून घेतला.

सकाळी त्यांची गाडी गेली, तशी मी ठेवणीतली रेशमी पट्टुसाडी नेसले आणि बस स्टँडवर गेले. पापनाशमवरून जाणारी कुंभकोणमची बस कुठली, असं विचारलं तर एका गृहस्थाने उत्तर देण्याऐवजी माझ्या काठीचं टोक धरलं आणि मला शेळीसारखं ओढत नेलं. चुकीच्या बसपाशी. काठी सोडवून घेतली तर तोच रागावला. शेवटी बस मिळाली, तर कंडक्टर कानाशी ओरडून तमिळमध्ये म्हणाला, "बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही. आणि मला ऐकू येतं."

"मग कशाला निघालात, अम्मा?"

पापनाशम आलं की सांगा, असं म्हणून बसले. तो विसरला. शेजारच्या बाईला विचारलं तेव्हा गाव मागे पडलं होतं. पुढच्या थांब्यावर उतरून उलट बस पकडली. मंडपात पोचले तेव्हा घाम साडीतून बाहेर आला होता.

दादाने मला दारातच गाठलं. दंड धरून भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं आणि काठी घडी करून स्वतःकडे घेतली.

"कुणी विचारलं तर डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून सांग. नुकतंच."

काठी नाही म्हणजे मी कुठे जाणार नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. माणसं समोरून येत-जात होती, साड्या सळसळत होत्या आणि मी सामानासारखी ठेवलेली होते. मग कुणीतरी शेजारी येऊन बसलं. हातात गरम कापीचा, फिल्टर कॉफीचा, पेला आला.

"मी मुलाची आई. तुम्ही मुलीच्या आत्या ना?"

"हो."

"डोळ्यांचं..."

"ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मला फार कमी दिसतं. वर्षानुवर्षं."

"ते आम्हाला माहीत आहे," ती शांतपणे म्हणाली. "यांची बदली तंजावूरला होती तेव्हा आम्ही तुमच्या शाळेसमोरच राहायचो. काठी घेऊन जाताना रोज दिसायचात तुम्ही. स्थळ तुमच्याच घरचं, हे कळलं होतं. मुलगी बघायला आलो तेव्हा विचारलंही, आत्या कुठे आहेत म्हणून. तुमचे भाऊ म्हणाले, बहीण चेन्नईला असते, तिचं येणं होत नाही. माणूस इतका अवघडलेला, पुढे काय विचारायचं?"

मी कापी पीत राहिले. ज्यांच्यापासून मला लपवलं, त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. लपवणारे तेवढे माझे होते.

भाची जेवणाआधी माझ्यापाशी आली. तिच्या गजऱ्याचा वास आधी आला.

"तुझ्या बाबांनी मी चेन्नईला असते म्हणून सांगितलं, तेव्हा तू तिथेच होतीस?" मी विचारलं.

"होते."

"मग?"

"मला कुणी विचारलं नाही, आत्या."

तिला पहिली अक्षरं मीच गिरवायला शिकवली होती, पेन्सिलीचं टोक बरोबर डोळ्यांसमोर धरून. मी तिच्याकडे फक्त काठी मागितली. तिने ती बापाकडून आणून दिली.

लग्नही थाटात झालं. मुलाच्या आईने मला पहिल्या रांगेत बसवलं. ते पाहून दादाचा सूर पालटला. येईल त्या पाहुण्यापुढे मला उभं करून तो सांगत होता, "ही माझी बहीण. पापनाशमला एकटी बसने आली होती! आम्ही हिला कधी अडवलं नाही."

पाहुणे वा वा म्हणत होते. फोटोग्राफर मला हसायला सांगत होता. दादाचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो काढायला सांगण्याइतकंही बोलणं आमच्यात उरलं नव्हतं.