जुना चिमटा

नातवंडांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबांची मोटारसायकल अजून कशाला ठेवली आहेस? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. गाडी तेव्हाच फार जुनी झाली होती. मी शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळेच्या जिन्यावरून पडले आणि पाठ कायमची दुखावली. खड्डा आला की पुढचं चाक खाडकन आदळे आणि कळ थेट माझ्या मणक्यात जाई. मी मागे बसणं सोडलं. दर रविवारी आम्ही डोळखांबकडे फिरायला जायचो, तिकडे आजोबा एकटे कधी गेले नाहीत. गाडी पुसायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे.

एक दिवस त्यांनी गाडीचं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मी वाचून सांगितलं, हँडलपासून चाकापर्यंत येणाऱ्या दोन नळ्या म्हणजे फोर्क, त्यातल्या बुश नावाच्या कड्या झिजल्या की धक्का वर येतो. नवे बुश कुठे मिळेनात. मग त्यांनी भंगारातून तसल्याच गाडीचा फोर्क आणून पडवीत ठेवला आणि एका सकाळी गाडी घेऊन मुरबाडच्या मेस्त्रींकडे गेले.

थोड्या वेळाने शेजारच्यांकडे त्यांचा फोन आला. "अगं, घरातला तो जुना चिमटा घेऊन ये. मेस्त्री खोळंबलेत."

घरात चिमटे दोन होते. त्यातला जुना मी वर्तमानपत्रात गुंडाळला आणि एसटी पकडली.

मेस्त्रींनी पुडकं सोडलं. "बाई, फुलके भाजायचेत काय आमी?"

आजोबा हसता हसता खालीच बसले. मेस्त्री लोक फोर्कला चिमटा म्हणतात, हे पुस्तकात कुठे लिहिलं होतं?

"परत जाऊन आणते," मी म्हटलं.

"नाय नाय. पाठीसाठीच चाललंय ना हे सगळं? एसटीत आनखी हादरे कशाला? बसा. लेथवर नवेच बुश करतो."

दुपारपर्यंत त्यांनी बुश कातले, नळ्या घासून गुळगुळीत केल्या. एका नळीत अडकलेली स्प्रिंग माझ्याच चिमट्याने ओढून काढली. शेवटी तेल भरून म्हणाले, "साहेब, तुमी नका सांगू कसं झालं ते. बाई सांगतील."

मुरबाडबाहेर पहिला खड्डा दिसला, तेव्हा मी डोळे मिटले. चाक खाली गेलं आणि हळूच वर आलं.

"दुखलं का?"

मी मुद्दाम पुढच्या खड्ड्याची वाट पाहिली.

"अगं, दुखलं का?"

"डोळखांबवरून जाऊ या," मी म्हटलं. "लांब पडलं तरी चालेल."

आजोबा आता नाहीत. गाडी सुरू होत नाही. हँडल दाबलं की पुढचा भाग अजून खाली जातो आणि मऊ वर येतो. चिमटा स्वयंपाकघरात आहे. त्याच्या टोकाचा काळ्या तेलाचा डाग निघालेला नाही.