उजव्या डोळ्याची इस्त्री

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याला सुरकुत्या पडल्या. डोळ्याखाली नव्हे, थेट बुबुळावर!

मी बोरी बुद्रुकचा, जवळच ओझरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. चष्म्याचा नंबर उणे सात. एकदा पोरांनी चष्मा लपवला, तेव्हा मी पाच मिनिटं कपाटाला रागावत होतो. (वर्गात तेवढं एकच शांत असतं!) त्यानंतर पुण्याला जाऊन लेझर करून घेतलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर मारलंय, पापुद्रा परत ठेवलाय, टाका नाही. "काहीही झालं तरी डोळा चोळायचा नाही!" माझी बायको सुनीता तीनदा 'हो' म्हणाली. मी विज्ञानाचा माणूस, मला काय सांगायचं!

संध्याकाळी गावी पोचलो. काळा गॉगल लावून उतरताना मला आळीतल्या चार बायांनी बघितलं. आईला तेवढं पुरलं.

"हालू नको. आधी दृष्ट काढते."

"आई, शाळेत मी अंधश्रद्धेवर बोलतो!"

"तिकडं बोल. हितं उंबऱ्यात हुबा ऱ्हा. अन् गॉगल काढ, गॉगलला न्हाई लागलेली दृष्ट."

मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आईने मला डोक्यापासून पायापर्यंत ओवाळलं. आमच्याकडे नियम असा, की मिरच्या जाळल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट होती, लागला तर नव्हती. एरवी ही मूठ परसातल्या चुलीत जाते. त्या दिवशी आईने निखाऱ्याचं घमेलंच माझ्या पायाशी आणून ठेवलं. (ऑपरेशनवाल्या माणसाला कशाला चालवायचं!)

ठसका लागला. मला लागला, सुनीताला लागला, गोठ्यातल्या म्हशीला लागला. डोळ्यांतून धारा सुरू झाल्या, आणि विज्ञानाच्या शिक्षकाने मूठ वळून, अगदी मन लावून उजवा डोळा चोळला!

"अहो, हात!" सुनीता किंचाळली.

"लागला ठसका! म्हंजी दृष्ट नव्हतीच," आई म्हणाली.

मला उजव्या डोळ्याने दोन आया दिसत होत्या. दोघीही समाधानी होत्या.

सकाळी शेजाऱ्याच्या टोमॅटोच्या पिकअपमधून आम्ही तिघं परत पुण्याला. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं.

"पापुद्र्याला सुरकुत्या पडल्यात. आजच सरळ करू. राहिल्या तर नजर कायमची धूसर होईल, मग चष्म्यानेही भागणार नाही. काय केलंत?"

मी खरंच घाबरलो. "थोडा धूर गेला," मी म्हणालो.

"कसला?"

"मिरच्यांचा," आई म्हणाली. "घरच्या हायेत, भेसळ न्हाई."

थेंब टाकून डोळा बधिर केला. पापुद्रा पुन्हा उचलला, खालून पाण्याने धुतला आणि ओल्या बारीक स्पंजने मधून कडेकडे निरपत बसवला. वरून पट्टीसारखी एक पारदर्शक लेन्स ठेवली. दाराबाहेर आई दर दोन मिनिटांनी विचारत होती, "झाली का इस्त्री?"

दोन दिवसांनी लेन्स काढली. मी तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचली. आईने पदर डोळ्याला लावला. "माझ्यामुळं तुझा डोळा गेला असता रं!" मलाही भरून आलं, पण रडायची परवानगी आहे की नाही ते डॉक्टरांना विचारायचं राहिलं होतं.

घरी आलो. या वेळी आईने चुलीकडे बघितलंसुद्धा नाही. "आता न्हाई बाबा काढत. चुकलं माझं."

तेवढ्यात शेजारचा पिकअपवाला ओट्यावरून ओरडला, "राव, चष्मा गेल्यापासनं लई देखणं दिसताय!"

मी हसून आत गेलो. डबा उघडला, सात मिरच्या मोजून घेतल्या आणि आईच्या हातात दिल्या.

"ओवाळ," मी म्हणालो. "जाळ मात्र मी ओझरला पोचल्यावर."