मधल्या कमानीतून कुणी जाईना

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. केजला माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. स्मशानाशेजारीसुद्धा पेंडॉल टाकलेत. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय… पण लिहितो.

गेल्या हिवाळ्यात चौसाळ्याच्या बप्पांच्या मुलीचं, प्रियंकाचं लग्न होतं. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला — चीनच्या बादशहाच्या राजवाड्याचा मुख्य दरवाजा. लाल भिंत, वर पिवळी कौलं, खाली तीन कमानी. "काका, एंट्रीला हाच पाहिजे." हायवेलगतच्या लॉनवर प्लायवूड आणि थर्माकोलचा उभा केला. दिसत होता झकास.

वरात आली भर दुपारी. मधल्या कमानीत फुलांच्या पायघड्या घातलेल्या. नवरदेव घोडीवरून उतरला, सरळ मधल्या कमानीकडे चालत गेला… आणि आत निघाला तो डावीकडच्या कमानीतून!

वाटलं, गर्दीत चुकला. परत बाहेर आणला. परत तेच.

नवरदेवाचे चुलते तापले. "आमच्या पोराला बाजूच्या दारानं का म्हून घेता? अपमान करायला बोलावलं व्हय?"

"अहो, अडवलंय कुणी? जा की मधून!"

ते तरातरा निघाले आणि उजव्या कमानीतून आत पोचले. "हे बघा, आलो की मधून," असं म्हणत मागे वळले. पायघड्यांवरचं एक फूलही हललं नव्हतं. त्यांचा चेहराच उतरला.

मग मी गेलो. देवाशप्पथ, नजर मधल्या कमानीवर, पाय सरळ… आणि मी डावीकडून आत! माझाच दरवाजा, माझेच खिळे!

मुहूर्त टळत चालला होता. चुलते ओरडले, "गाड्या वळवा रे!" बप्पा माझ्यावर धावून आले. "लई शोभा केलीस! पाडून टाक ते आधी!"

तेवढ्यात पार्लरवरून प्रियंकाची गाडी आली. ती उतरली, शालू सावरला, काय गोंधळ चाललाय ते न विचारताच पायघड्यांवरून चालत मधल्या कमानीतून आत गेली. सरळ. मग मुहूर्त गाठायला नवरदेवही डावीकडून आत गेला आणि लग्न लागलं एकदाचं.

शूटिंगवाल्याचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल. माणसं सरळ येतात आणि कमानीपाशी गुमान बाजूला वळतात. कुणी ढकलत नाही, कुणी अडखळत नाही. मी पण त्यात तसाच वळतो.

नंतर माझ्या मुलीनं वाचून सांगितलं — त्या खऱ्या दरवाजातल्या मधल्या वाटेनं फक्त बादशहा जायचा. आणि त्याची राणी, लग्नाच्या दिवशी, एकदाच. असेल! पण थर्माकोलला हे कुणी सांगितलं? तेही केजच्या? डोकं फिरायची वेळ आली. कुणाकडे काही उत्तर असेल तर खरंच सांगा.

परवा प्रियंका माहेरी आलेली भेटली. न राहवून विचारलं, "पोरी, त्या दिवशी मधून जाताना तुला काही जाणवलं का गं?"

"काही न्हाई काका," ती म्हणाली. "फक्त आत लई लांब चालावं लागलं."

अख्ख्या दरवाजाची जाडी दोन फूट होती.